सुटीच्या दिवशीचा ठिपका

माझ्या धाकट्या जावेला आमच्या शिवणकारखान्यात सगळे थांबाबाई म्हणतात. कुठलाही कागद सहीला आला की ती म्हणते, "थांबा, आधी वाचू दे." वाचते अडखळत, ओठ हलवून. शिक्षण सातवी. मी बारावी पास. तिला कारखान्यात मीच चिकटवलं, मशीनवर बसायलाही मीच शिकवलं. हे आता कोणाच्या लक्षात नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

झालं असं, की कंपनीनं हजेरीसाठी सगळ्यांच्या फोनमध्ये एक ॲप घालायला लावलं. मी मुकाट्यानं घातलं. हिनं त्यासोबत सहीला आलेला कागद वाचला आणि सुपरवायझरला विचारलं, "साहेब, घरी गेल्यावरही आम्ही कुठे आहोत ते यात दिसत राहणार?"

"दिसलं तर काय झालं? तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

"न्हाणीघरातही माझ्याकडे लपवण्यासारखं सोनंनाणं नसतं, साहेब. तरी मी कडी लावतेच."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हापासून त्या आमच्या दारात यायला लागल्या. दार मी उघडायची, तर माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायच्या, "धाकट्या आहेत का?" चहा मात्र मी करायचा. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी मुद्द्याचं बोलते हो." नवऱ्यानं तर विम्याचा फॉर्म माझ्या हातातून काढून तिला वाचायला दिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. देवापुढे बसले की म्हणायची, हे बरं नाही माझं, तूच काय ते बघ.

मग सुटीच्या दिवशी अर्ज लिहायला जमायचं ठरलं, एका निवृत्त नर्सबाईंच्या घरी. या नर्सबाई एके काळच्या युनियनवाल्या. मागणी एकच होती, की कामाची वेळ संपली की आमच्यावरची नजरही संपली पाहिजे. हिनं सगळ्यांना बजावलं, "फोन घरीच ठेवून या. ताई, तुम्हीसुद्धा."

ते 'तुम्हीसुद्धा' मला झोंबलं. थोरली मी, आणि ही मला सांगणार? मी फोन पर्समध्ये टाकला. बैठकीत ती सांगत गेली, मी लिहीत गेले, कारण तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चाळीस सह्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरनं मला केबिनमध्ये बोलावलं. स्क्रीनवर नकाशा होता. बाकी सगळ्यांचे ठिपके आपापल्या घरी, आणि माझा एकटीचा नर्सबाईंच्या गल्लीत. तीन तास.

"त्या युनियनवाल्या बाईकडे बैठक थांबाबाईनं घेतली ना? एवढं सांगा, तुम्ही मोकळ्या. तिला उद्यापासून घरी बसवतो."

मी घाबरले. माझ्या हट्टापायी तिची नोकरी चालली होती. पण खरं सांगते, मनात आधी आलं ते वेगळंच. ठिपका माझा, बोलावलं मला, आणि हा विचारतोय तिचंच. बैठक घ्यावी तिनं, मी काय नुसता चहा करायचा?

"बैठक मी घेतली," मी म्हटलं.

तो हसला. "तुम्ही?"

त्या हसण्यानं उरलीसुरली भीतीही गेली. "का? बारावी झालेय मी. अर्ज माझ्याच अक्षरात आहे, आणू का दाखवायला?"

त्यानं मला तिथूनच घरी पाठवलं. हे कळताच जाऊ मशीनवरून उठली, तिच्यामागे सगळी लाईन उठली. अर्ज त्याच दिवशी मालकाच्या टेबलावर गेला. चौथ्या दिवशी मला परत घेतलं, आणि ॲप आता सुटीच्या घंटेबरोबर बंद होतं.

"ताईंनी माझ्यासाठी अंगावर घेतलं," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. ते मला पचेना. भाजी निवडताना मी म्हटलं, "माझ्याचमुळे झालं गं ते. फोन नेला होता मी."

"माहीत आहे. बैठकीत पर्समधून वाजला होता की."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघींत थोरल्या जावेला काय बोलायचं?" ती म्हणाली आणि देठं मोडत राहिली.

एवढं मोठं मनसुद्धा देवानं तिलाच द्यावं, याचाही मला हेवा वाटला.