वस्तीच्या विहिरीचा नमुना

पाथर्डीकडच्या माळावर आमचं केंद्र होतं. रॉकेटची इंजिनं लोखंडी चौकटीत जखडून तिथं पेटवून बघायची. पुढे सौरऊर्जेचं संशोधनही आलं. आता सगळं बंद झालंय आणि केंद्राच्या इतिहासाची स्मरणिका निघाली आहे. तीत एक वाक्य आहे, ‘परिसरातील पाण्यास कधीही बाधा झाली नाही.’ ते माझ्या अहवालांवरून घेतलंय. ते खोटं आहे.

प्रत्येक चाचणीनंतर आम्ही इंजिन रसायनानं धुवायचो आणि ते पाणी ओढ्यात सोडायचो. ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्तीची विहीर. दर महिन्याला तिचा नमुना तपासायला पाठवणं माझं काम. बाटली मी भरायचो ती वरच्या अंगाच्या, केंद्राच्या विहिरीवर. आधीच्या माणसानं तसंच शिकवलं होतं. चिठ्ठीवर नाव मात्र वस्तीच्या विहिरीचं.

एकदा वस्तीतल्या एका बाईनं जीप अडवली.

“सायेब, पान्याला रॉकेलावानी वास येतोय. प्यायचं का न्हाई?”

“प्या की मावशी. रिपोर्ट चांगला आहे.”

“मग घ्या तुमी बी तांब्याभर.”

“आज उपास आहे माझा.”

“अगंबाई! उपासाला पानी बी चालत न्हाई व्हय? लईच कडक देव तुमचा!”

बाया हसल्या. मग मी तोंडात घोट घेतला आणि जीपमागे जाऊन थुंकलो. साहेब प्याले म्हणून वस्ती पीत राहिली. पुढे म्हशी गाभडल्या. त्या बाईच्या सुनेचं दोनदा पोट पडलं. त्या पाण्यानंच, असं मला म्हणता येत नाही. ते कळायला जो नमुना हवा होता, तो मी कधी घेतलाच नाही.

हे सगळं स्मरणिकेसाठी लिहून दिलं. “सर, आता कशाला उकरून काढता?” म्हणत संपादकांनी ते पान गाळलं. मग मी ते ग्रामसभेत वाचलं. ती बाई समोरच बसली होती. शिव्या देईल असं वाटलं. ती एवढंच म्हणाली, “आजून तीच हीर पितोय आमी. दुसऱ्या पान्याचं बघा आधी.”

विहीर बंद करून टँकर द्यावा, असा ठराव झाला. त्याखाली मी सही केली. परवा तालुक्याहून उत्तर आलं. उपलब्ध अहवालांनुसार पाणी पिण्यास योग्य आहे, सबब टँकर देता येत नाही. सोबत अहवालांच्या प्रती, सगळ्या माझ्या सहीच्या.

आज सकाळी बाया त्याच विहिरीवर पाणी शेंदत होत्या.