घंटेची पट्टी आणि चाचांचा डावा हात

पौडच्या एसटी स्टँडजवळ चाचांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. मी पुण्याला कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. शनिवारी बसमधून उतरलो की गावाची वाट धरण्याआधी त्यांच्या फळीवर टेकायचो. चाचांचा एक नियम होता: मालक समोर बसल्याशिवाय बंद कुलपाला हात लावायचा नाही. मालक बसला की ते डोळे मिटायचे आणि दोन तारांनी आतलं चाचपत कुलूप उघडायचे. एवढा हुशार माणूस मी पाहिला नव्हता, आमचे प्राध्यापक धरूनही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या कपाटाच्या कुलपाची किल्ली हरवली. कुलूप पुण्याहून आणलेलं, नव्या पद्धतीचं, पिनांचं. चाचा दोन दिवस झटले. उघडेना.

"हे न्हाई जमलं तर दुकान बंद करतो," ते मला म्हणाले. "कुलूप फोडायला लोहार हाय की."

मला प्रयोगशाळेतली विजेची घंटा आठवली. सेल जोडला की चुंबक पट्टी ओढतो, त्यानं जोड तुटतो, पट्टी मागे येते, पुन्हा जोड लागतो. पट्टी भरभर हलत राहते. मी जुन्या बाजारातून तशी एक घंटा आणली, पट्टीच्या टोकाला असलेल्या गोळीच्या जागी घासून बारीक केलेली सायकलची तार बसवली आणि पुढच्या शनिवारी पौडला आलो. वीज टॉर्चच्या सेलची. धरणाची वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जायची.

मास्तरीणबाई आपल्या घरात कपाटासमोर पाटावर बसल्या. मी भीत भीत समजावू लागलो, "आत पिनांच्या जोड्या असतात, वर स्प्रिंग. कॅरममध्ये चिकटलेल्या दोन सोंगट्यांना स्ट्रायकर मारला की पुढची उडते, तसं. तारेचा टोला खालच्या पिनेला, उडते वरची. सगळ्या जोड्यांत एकदम फट पडली की किल्ली जाते तो मधला गाभा फिरतो."

"मग फिरव की," चाचा म्हणाले.

मी तार आत घातली, दुसऱ्या हातानं चपट्या पट्टीनं गाभ्यावर जोर दिला. घंटा गुणगुणली. काही झालं नाही. मी आणखी जोर दिला.

"कॉलेजवाल्या, कुस्ती खेळतुयास व्हय? दाबल्यावर पिना उडतील कशा?"

"कुऱ्हाड आणू का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"बसा वैनी. आन तू, एक सेल काढ. लई जोरात मारतंय."

मी सेल काढला. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. त्यांनी घंटेचा स्क्रू कानाशी धरून फिरवला, गुणगुण बारीक आणि एकसारखी झाली. धरायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायला लावला. मग घंटा उजव्या हातात घेतली. हात थरथरतच होता, पण तार त्याहून कितीतरी वेगानं थरथरत होती. तिला काही फरक पडला नाही. डाव्या हातानं त्यांनी गाभ्यातल्या चपट्या पट्टीला नुसतं बोट टेकवलं. तो हात स्थिर होता. त्यांनी डोळे मिटले.

गाभा फिरला. कपाटाचं दार आपोआप पुढे आलं.

मला ओरडावंसं वाटलं. मास्तरीणबाई चहा टाकायला उठल्या.

"वैनी, कुटं निगालात? बसा," चाचा म्हणाले. त्यांनी दार लोटून कुलूप पुन्हा लावलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो चाचा, उघडलं होतं ना!"

"हे पोरगं समोर हाय म्हणून उघडलं का, ते कळाया पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा घरी. आई वाट बघत आसल."

मी निघालो. ओढ्यापर्यंत पोचतो न पोचतो तोच मागून हाक आली. बाई दारात उभ्या राहून कपाटातलं हिरवं लुगडं हलवत होत्या.