हॅमरमनच्या काउंटरवरची टकटक

स्कॉटलंडमधल्या आमच्या स्टर्लिंगच्या किल्ल्यावरून उतरलेले पाहुणे दुकानादुकानांतून लोकरीचे मफलर चाचपतात आणि पाय दुखायला लागले की हॅमरमन पबमध्ये शिरतात. तिथे खिडकीजवळ नेटा गेडिस बसलेली असते. वय शहाऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. आम्हा गावकऱ्यांना विचाराल तर किल्ल्याआधी आम्ही तिच्याबद्दलच सांगू, आणि त्यात काही चूक नाही.

नेटा तरुणपणी बसवर कंडक्टर होती. त्या काळी हॅमरमनच्या काउंटरपाशी बायकांनी उभं राहायचं नाही, असा रिवाज होता. त्यांनी मागच्या कोंदट खोलीत बसायचं आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून ग्लास घ्यायचा. नेटाला हे पटेना. दिवसभर ज्या बाप्यांना ती दमात घेऊन बसमध्ये पुढे सरकवायची, तेच संध्याकाळी तिला मागे जायला सांगत. एका शुक्रवारी सहा वाजता ती सरळ काउंटरपाशी गेली, बोटाने दोनदा टकटक केली आणि अर्धा पाइंट काळी बिअर मागितली. लेकी आडनावाच्या तेव्हाच्या मालकाने ऐकलंच नाही असं दाखवलं. पंधरा मिनिटं उभी राहून ती घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर. कुणी टोमणे मारले, कुणी तिच्या नवऱ्याचे कान भरले. त्याने, माझं ती कुठे ऐकते, तुम्हीच सांगून बघा, म्हणून हात झटकले. असे एकतीस शुक्रवार गेले. बत्तिसाव्याला मालकाने मुकाट्याने ग्लास भरून पुढे सरकवला. तेव्हापासून शुक्रवारी हॅमरमनमध्ये कुणीही काही मागण्याआधी काउंटरवर दोनदा टकटक करतो. आमच्याकडे मानाची पद्धत आहे ती.

या वसंतात ग्रेगर टेनंट नावाचा वाटाड्या ॲबरडीनहून आला. पाहुण्यांना जुन्या गल्ल्यांतून भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरवायचा त्याचा धंदा. टकटक कशासाठी, असं त्याने पबमधलं रोजचं गिऱ्हाईक असलेल्या वुली रेनीला विचारलं. वुली इतका खट्याळ, की चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणाला, आत्म्याच्या शांतीसाठी. ग्रेगरने ते खरंच धरलं. पंधरा दिवसांत करडी शाल पांघरलेल्या, ग्लासाची वाट बघत काउंटरपाशीच प्राण सोडलेल्या एका अनामिक बाईच्या भुताची गोष्ट गावभर झाली. पब भरू लागला, म्हणून आताची मालकीण रोना, नेटाची सख्खी भाची, गप्प बसली. ‘करड्या बाईचा पब’ अशी पाटीसुद्धा रंगवायला दिली. सोमवारी ती दारावर लागणार होती.

ग्रेगरच्या फेऱ्या रात्री, नेटा घरी गेल्यावर येत, म्हणून तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी दुपारी रोनाने चाचरत मावशीला हे सांगितलं. नेटाला फार लागलं. भूत केलं याचं नाही. बत्तीस शुक्रवार खपून मिळवलेला ग्लास या गोष्टीने तिच्या हातातून काढून घेतला होता, याचं.

त्या दिवशी मात्र सहा वाजताच, लख्ख उजेडात, ग्रेगर वीसेक पाहुणे घेऊन आला. आवाज खाली आणून त्याने गोष्ट रंगवली. बाई तहानलेलीच मेली, असं तो म्हणाला, तेव्हा नेटा काठी टेकत उठली. पाहुण्यांतून वाट काढत काउंटरपाशी गेली आणि तिने दोनदा टकटक केली.

“ती बाई मीच,” ती म्हणाली. “आणि मी प्यायले. शेवटच्या थेंबापर्यंत.”

मग तिने सगळं सांगितलं, एकतीस नकारांसकट. पाहुणे कान देऊन ऐकत होते. वुली मान खाली घालून बसला होता. ग्रेगरचा चेहरा मात्र पडला.

“पण आजी, लोकांना भूत मेलेलं लागतं हो.”

“जरा दम धर की, तेही होईल. पण तोवर माझं नाव घे. आणि नंतरही तेच घे.”

रोनाने ग्लास भरून मावशीपुढे ठेवला आणि तिथूनच रंगाऱ्याला फोन करून पाटीवर ‘नेटा गेडिसचा पब’ लिहायला सांगितलं. आम्हा सगळ्यांचीच छाती फुगली, खोटं कशाला बोला. ग्रेगरही मनाचा वाईट नव्हता. खिशातून वही काढून तो लिहू लागला.

“नेटा गेडिस,” तो पुटपुटला. “बस कंडक्टर. करडी शाल...”

“शाल कसली? कोट होता. लाल. पहिल्या पगाराचा.” नेटाने एक घोट घेतला. “करडं घालून कशाला जाऊ? मला त्यांना दिसायचं होतं.”