वलांडीवरचे सुके बोंबील

आमच्या आळीत कुणी गेलं की त्या घरातला टीव्ही तेराव्यापर्यंत झाकून ठेवतात. नुसता बंद ठेवून चालत नाही. दारातून आत येणाऱ्याला तो झाकलेला दिसला पाहिजे. आय गेली त्या दुपारी दादाने तिचीच एक धुतलेली चादर टीव्हीवर टाकली आणि रिमोट देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिला. मी तलासरीच्या शाळेत शिकवते, तिथे मला दुसऱ्या तासाला फोन आला होता. तलासरीहून डहाणूला पोचेपर्यंत माणसं जमली होती. घरात शिरताना मला पहिली दिसली ती चादर.

त्याआधीचे दोन महिने मी शाळा सुटली की डहाणूला यायचे आणि पहाटे परत जायचे. शेअर रिक्षा, एसटी, पुन्हा रिक्षा. आल्यावर तिची औषधं, तिची कूस बदलणं, चमच्याने पेज. त्यामुळे सगळं उरकल्यावर रडू यायच्या आधी मला झोप आली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. भिंतीला टेकून बसले होते आणि तशीच झोपले. मग दोन-तीन दिवस येणाऱ्या बायका तेच तेच विचारत राहिल्या आणि मी तेच तेच सांगत राहिले.

पाचव्या दिवशी शाळेतल्या एका सहकारी बाईंचा फोन आला. त्या बिचकत बोलत होत्या.

"मॅडम, सांगू की नको असं झालंय. रविवारी सकाळी अकराला सरकारी वाहिनीवर सुक्या मासळीचा माहितीपट आहे. जाहिरातीत मासे वाळवायच्या मांडवापाशी एक बाई दाखवली. तुमच्या आईंसारखी वाटली. तरुण होत्या, पण हनुवटी तीच."

"हिरवं लुगडं होतं का?"

"हो, हिरवंच."

मी फोन ठेवला. रविवार म्हणजे सातवा दिवस. चादर निघायला त्यानंतरही सहा दिवस होते.

तो माहितीपट आयने कधीच पाहिला नव्हता. वीसेक वर्षं ती त्याची वाट बघत होती, आणि त्याला घाबरतही होती.

मी तेव्हा शिक्षिकेचा कोर्स करत होते, सुट्टीत घरी आले होते. मुंबईहून त्या वाहिनीची माणसं बोंबील कसे वाळवतात ते टिपायला येणार होती. सकाळी सहाला येतो म्हणाली होती, आणि आली साडेबाराला. बोंबील बोटीतून उतरला की लगेच टांगावा लागतो. एकाचा जबडा उघडून दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी वलांडीच्या, म्हणजे बांबूच्या मांडवाच्या, दोरीवर टाकायची. जबडा ओला आहे तोवरच अडकतो. सुकला की कडकन मोडतो. साडेबाराला आयचं सगळं टांगून झालं होतं आणि ती हात धुऊन बसली होती.

त्यांच्यातला मुख्य माणूस म्हणाला, "मावशी, हेच काढून पुन्हा एकदा टांगून दाखवा ना."

आय म्हणाली, "अर्धवट सुकलेल्याला हात लावला तर साल सुटते. नाही जमणार."

ती माणसं उन्हात उभी राहिली. एकाने कॅमेरा खाली ठेवला. आमच्याकडे आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, निदान दोन सुके मासे कागदात बांधून देतात. आय आत गेली आणि आठवड्यापूर्वीचे वाळलेले बोंबील पाटीत घालून घेऊन आली. जबडे अडकणार नव्हते, म्हणून तिने ते नुसते कपड्यांसारखे दोरीवर टाकले. कॅमेरावाला खूश झाला. चहा पिऊन ती माणसं गेली.

समोरच्या घरातली काकी सगळा वेळ कमरेवर हात ठेवून उभी होती. काकी आणि आय दोघी सुकी मासळी विकायच्या, बाजारात शेजारी शेजारी बसायच्या, आणि वलांडीच्या जागेवरून वर्षातून दोनदा तरी भांडायच्या. ती माणसं जाताच काकी म्हणाली, "सुके बोंबील वलांडीवर चढवलेस गो. आता सगळ्या महाराष्ट्राला कळेल तुझा माल भिजलेला."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. सुका बोंबील पुन्हा वलांडीवर चढतो तो एकाच कारणाने, भिजला असेल तर. भिजलेला माल परत वाळवून विकते असं एकदा नाव झालं की डहाणूच्या बाजारात काय आणि तलासरीच्या आठवडी बाजारात काय, गिऱ्हाईक पाटी हुंगतं आणि पुढे जातं.

"मी सांगितलंय त्यांना," आय म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर सांगितलंय, हे सुकेच आहेत म्हणून."

"आणि ते ठेवणार तुझं बोलणं? कापतात ते. त्यांना वलांडी पाहिजे, तुझी बडबड नाय."

कार्यक्रम कधी लागणार ते कुणी कळवलं नाही. काही महिन्यांनी बोर्डीच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की लागून गेला. त्या दिवशी आमच्या आळीत लाईट नव्हती. आयने त्याला विचारलं, "मी काय बोलले?" तो म्हणाला, "बाई दिसली, बोंबील दिसले. बोललेलं काय आठवत नाय." त्याने त्या दिवशी बोंबील घेतले की नाही, हे आयने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ती वाहिनी तेच कार्यक्रम फिरवून फिरवून दाखवते असं मीच तिला सांगितलं होतं. तेव्हापासून आय त्या वाहिनीसमोर बसू लागली. आधी अँटेना होता आणि आमच्याकडे गुजरातचं चित्र जास्त स्वच्छ यायचं. ती दादाला गच्चीवर चढवून अँटेना मुंबईकडे फिरवायला लावायची. पुढे फुकटच्या डिशची छत्री आली. आळीत घरोघरी मालिका चालायच्या. आमच्याकडे सरकारी वाहिनी.

असं वाट बघता बघता तिने काय काय पाहिलं. शास्त्रीय गाण्याच्या मैफली पाहिल्या, सोडे निवडत. गायक आलाप लांबवत असला की म्हणायची, "इंजिन तापवतोय. सुटेल आता बोट." तबला सुरू झाला की तिचे हात थांबायचे. हास्यसंध्या लागायची, त्यात दरवेळी कुणीतरी पुरुष लुगडं नेसून, डोक्यावर पाटी घेऊन मासेवाली व्हायचा आणि किंचाळायचा. प्रेक्षक हसून लोळायचे. आय गंभीरपणे बघायची. "अशी बोंबलले असते तर एक गिऱ्हाईक थांबलं नसतं," एवढंच म्हणायची.

माहितीपट मात्र ती फार बारकाईने बघायची. त्या बाबतीत ती आता आतली झाली होती. एकदा कुंभारांवरचा लागला होता. ती एकदम म्हणाली, "बघ बाय, परत करायला लावलंय त्याला. मघाशी मडकं ओलं होतं, आता बघ." मी पुस्तकातून मान वर केली तोवर ते दृश्य गेलं होतं. पुढच्या वेळी तोच माहितीपट लागला तेव्हा मी लक्ष ठेवून पाहिलं. तिचं बरोबर होतं.

कार्यक्रम संपले की ती उठायची. "तेच तेच दाखवतात," म्हणायची. "आपलं तेवढं सोडून."

सहकारी बाईंनी सांगितलेलं मी दादाला सांगितलं. तो ओट्यावर बसला होता. सुतकात बोट बंद, त्यामुळे त्याला दिवसभर हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं.

"नाही," तो म्हणाला.

"अर्ध्या तासाचा आहे दादा. चादर काढायची, बघायचं, परत टाकायची."

"बाबांच्या वेळी आयने सव्वा महिना झाकून ठेवला होता. तेव्हा तिचा कार्यक्रम लागून गेला असेल तर? तिने काढली का चादर?"

माझ्या तलासरीच्या खोलीत टीव्ही नव्हता, नुसती पुस्तकं. माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे सुतक मलाही पूर्ण, आणि सुतकात दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नसतं. मोबाईलवर शोधलं, त्या वाहिनीचं बरंच जुनं सापडलं, हे नाही. रविवारी खाडीकडे जाऊन मोबाईलवर वाहिनी लावता आली असती. पण आयला असं चोरून बघणं माझ्याने झालं नसतं. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता. शेवटच्या दोन महिन्यांत ती जे बोलायची तो तिचा आवाज नव्हताच, नुसता श्वास होता. मला तिचं ते वाक्य ऐकायचं होतं. ते ठेवलं होतं की कापलं होतं, एवढंच.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. दुपारचं जेवण काकी आणायची, रोज, न बोलता. भाताचं पातेलं ठेवून ती वळली तेव्हा मी तिला सांगितलं. ती थांबली.

"कधी?"

"रविवारी. अकराला."

तिने चादरीकडे पाहिलं. "तुमचा लागणार नाय."

"नाही."

"आणि माझ्याकडे तुला येता येणार नाय."

"नाही."

काकीने पदराने हात पुसले. मग दादाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मला हल्ली कमी ऐकू येतं. माझ्या घरात टीव्हीचा आवाज मोठा लागतो. माझ्या घरात काय सुतक नाय."

दादा ओट्यावर होता. त्याने मान वळवली नाही.

रविवारी काकीने भाताचं पातेलं लवकरच आणून ठेवलं आणि पावणेअकराला तिचं दार सताड उघडलं. टीव्ही तिने मुद्दाम फिरवून ठेवला होता, पडदा आतल्या भिंतीकडे, म्हणजे आमच्या दारातून आम्हाला फक्त त्याची पाठ आणि वायरी दिसत होत्या. तेवढं सुतक तिने आमच्यासाठी पाळलं. मग आवाज वाढवला. आधी कसलीतरी जाहिरात आली, मग सतार. आळीतला एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला. मी उंबऱ्याशी बसले होते. दादा ओट्यावर, माझ्याकडे पाठ करून.

निवेदकाचा आवाज खोल आणि गुळगुळीत होता. समुद्र, माणूस, पिढ्या असं बरंच काही तो बोलत होता.

"हा वलांडीखाली उभा राहिलेला नाय," दादा समोर बघतच म्हणाला. "वास आला असता तर असा बोलला नसता."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. जाळी झाली, जेट्टी झाली, लिलाव झाला. मला वाटलं, दुसऱ्याच कुणा बाईचं असेल. माझे डोळे मिटत होते. आणि मग आय बोलली.

आवाज भरभर आणि तिखट होता, बाजारातला. मी तो विसरले होते. "हे सुकेच आहेत हां," ती म्हणाली. "ओले सकाळी टांगले, ते बघा तिकडे. तुम्ही आलात दुपारी, मग तुम्हाला दाखवायला हे परत घातले. तसं सांगा लोकांना. नायतर म्हणतील, हिचा माल भिजला."

कुणीतरी पुरुष हसला. आय नाही हसली. मग परत सतार, परत तो खोल आवाज.

काकीने टीव्ही बंद केला. अजून कार्यक्रम बराच होता, पण तिने केला. ती बाहेर आली आणि दोन घरांच्या मधे उभी राहिली.

"ठेवलंय," ती म्हणाली.

"ऐकलं."

"सगळं ठेवलंय. कायच कापलेलं नाय."

मग दादाने विचारलं, "दिसत कशी होती?"

"हिरवं लुगडं. केस काळेभोर. तुझ्यासारखीच दिसायची रे तेव्हा, या मास्तरणीसारखी नाय." काकी थांबली. "मी पण आहे त्यात. तिच्या मागे. कमरेवर हात ठेवून उभी, तोंड वाकडं करून. ती सांगतेय आणि मी इथं, एवढ्यावर." तिने स्वतःपासून माझ्या उंबऱ्यापर्यंत हाताने दाखवलं. "मी ऐकलं असणार ना तेव्हाच, तरी तिला तसं बोलले. दोन हातांवर उभी होते मी."

मला कुणाला माफ करायचं नव्हतं आणि कुणावर रागवायचंही नव्हतं. आता पडून राहावं, एवढंच वाटत होतं.

"भात गरम आहे तोवर घ्या," काकी म्हणाली आणि आत गेली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दादाने चादर काढली, घडी घातली आणि आयच्या ट्रंकेत ठेवली. रिमोट काढून टीव्ही लावला. लागली ती सरकारी वाहिनीच, कारण आयने ती तशीच सोडली होती. कुठलीशी मैफल चालू होती. गायक बराच वेळ आलाप घेत राहिला. आम्ही दोघं बसून होतो. इंजिनाबद्दल कुणी काही म्हटलं नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या महिन्यात मी तलासरीच्या खोलीत एक लहान टीव्ही घेतला आणि पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. मी तिचं बोलणं ऐकलंय, पण तिला पाहिलेलं नाही. ते हात बघायचे राहिलेत. रविवारी सकाळी अकराला मी वह्या तपासत बसते आणि दादाचा फोन येतो.

"लागलं?"

"नाही. आज मिठागर आहे."

"तेच तेच दाखवतात," तो म्हणतो.

मग आम्ही फोन ठेवत नाही. तो डहाणूला आणि मी तलासरीला, ते मिठागर शेवटपर्यंत बघतो.