एकाच काठावरचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. दोन शेजारी देश नदीच्या पाण्यावरून भांडतात, असं पेपरात वाचलं की मला परभणी जिल्ह्यातली माझ्या हद्दीतली दोन गावं आठवतात. एक बंधाऱ्याच्या वर, एक खाली. मी तिथला ठाणेदार होतो.

एका सकाळी वरच्या गावच्या सरपंचांचा फोन आला. "साहेब, खालच्यांनी बंधाऱ्याची दारं काढली. सगळं पाणी पळवलं." संशयिताचं नावही त्यांनीच दिलं. खालच्या गावचा एक शेतकरी बैठकीत बोलला होता, 'पाणी न्हाई सोडलं तर आमीच दारं काढू.' मी गेलो, वरच्या काठावर सरपंचांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी बसून पंचनामा केला. दोन्ही पंच त्यांच्याच गावचे. शिवाय त्यांचीच पिठलं-भाकरी खाल्ली. खाली उतरून बघायचं काही सुचलं नाही.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. तो शेतकरी मिरचीचा भाव करत उभा होता. मी कॉलर धरून त्याला जीपमध्ये घातलं. सगळा बाजार बघत होता.

चौकशीत त्याचं एकच म्हणणं. "म्या बोललो साहेब, केलं न्हाई. पंधरा दिवसांनी पोरीची सुपारी फोडायची हाय. सोयरे बाजारातच होते."

मी त्याला दोन थपडा मारल्या. आता लपवून काय करू?

आमचे जुने हवालदार शेतकऱ्याघरचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, पाणी खाली गेलं म्हणतेत, मग खालच्या वाळूत ओल दिसली का?"

मी तसाच उठून गेलो. बंधाऱ्याखालची वाळू ठणठणीत कोरडी होती. पाणी खाली गेलंच नव्हतं. सरपंचांनी आणि दोन-तीन बड्या शेतकऱ्यांनी मोटारी लावून ते आधीच उपसलं होतं. आपल्याच गावानं जाब विचारू नये म्हणून दारं काढली आणि आळ खालच्या गावावर घातला. दारं सरपंचांच्या उसात सापडली.

त्या शेतकऱ्याला संध्याकाळी सोडलं, तेही ठाण्याच्या मागच्या दारानं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यानं बसायला घोंगडी टाकली आणि शांतपणे म्हणाला, "हितं घरात नका म्हणू साहेब. बाजारात धरलं, बाजारातच सांगा. सोयऱ्यांच्या कानावर गेलं पायजे."

मी हो म्हणालो.

पुढच्या बाजाराला मी ठाण्यातच बसून राहिलो. काम काही नव्हतं. चारचौघांत चूक कबूल केली तर वर्दीचा धाक काय राहील, हाच विचार. गेलो नाही. सोयरीक मोडली. हवालदारांनी तेवढं सांगितलं आणि ते रजिस्टर घेऊन बसले.

नदीचा तंटा एका काठावर बसून कळत नाही, आणि ज्याची भाकरी खाल्ली त्याचंच खरं वाटतं, हे मी त्या केसमध्ये शिकलो. पुढे नव्या फौजदारांना कोरड्या वाळूची गोष्ट मी कौतुकानं सांगायचो. बाजाराचं मात्र एकालाही सांगितलं नाही.