पांढऱ्या गाडीची तपासणी

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी तोंडातला चहा गिळा. मागे हे सांगितलं तेव्हा समोर बसलेल्याचा चहा माझ्याच शर्टावर आला होता.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आयुष्य गेलं दुसऱ्यांच्या मालात खोट काढण्यात. घरीसुद्धा मी पोळी उजेडाकडे धरून बघतो, असं बायको चारचौघांत सांगते. बायको म्हणजे सुनंदा. तिचं माहेर मुळशीचं. तिच्या वडिलांची जमीन विकली गेली, तिच्या वाट्याचे पैसे आले आणि तिने सरळ एक आलिशान इलेक्ट्रिक गाडी बुक केली!

का? तर लग्न झाल्यापासून ती माहेरी गेली ती एसटीने, नाहीतर माझ्या स्कूटरवर, आणि नंतर माझ्या जुन्या गाडीतून. ती गाडी पिरंगुटच्या घाटात नेमकी तापायची. मग सुनंदा तास-तास रस्त्याच्या कडेला पदर डोक्यावर घेऊन उभी. "एकदा तरी माहेरच्या दारात मला रुबाबात उतरायचंय," एवढंच ती म्हणाली. ते माझ्या मनाला लागलं.

आता या महागड्या गाड्यांचं तुम्हीही ऐकलं असेल. नवी कोरी गाडी घरी येते आणि चार दिवसांत स्क्रीन बंद, रबर लोंबतंय, कुठे पत्र्याला फट! भूगावात आमच्या सोसायटीतल्या एका आयटीवाल्याची गाडी तर पहिल्याच आठवड्यात ट्रकवर बसून परत गेली. कंपनीला गाड्या बाहेर काढायची घाई, तपासायला सवड कुणाला? म्हटलं ठीक आहे, त्यांना नसेल, आपल्याला आहे. सुनंदाच्या पैशाची गाडी मी तशीच सोडणार? नाव नको!

गाडी मिळायच्या दिवशी मी सकाळी शोरूम उघडतानाच हजर. खिशात टॉर्च, फट मोजायच्या पट्ट्या, गळ्यात चष्मा. सुनंदा पैठणी नेसून, पूजेचं ताट घेऊन कागदपत्रं करायला वर गेली. मी थेट मागच्या हॉलमध्ये. तिथे एकसारख्या दोन पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. दाराजवळची आपली असं मी ठरवून टाकलं आणि लागलो कामाला.

अहो, काय काय निघालं म्हणून सांगू! बॉनेटची फट एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला नखाएवढी. चार्जिंगचं झाकण लागेना. छतातून कुरकुर. मागच्या दिव्यात चक्क पाणी! मी मेकॅनिकांना फैलावर घेतलं. "हे काय आहे? याला क्वालिटी म्हणतात? आमच्याकडे असा माल गेटबाहेर जात नाही!" बिचारे पळापळ करत होते. एक बॉनेट सरळ करतोय, एक छत उघडतोय, तिसऱ्याने दिवाच बदलला.

मध्येच शोरूमच्या श्रुती मॅडम जिन्यावरून धावत आल्या. "सर, ही गाडी—"

"ही गाडी काय आहे ते मला सांगू नका मॅडम! मला सगळं दिसतंय!"

"नाही सर, मला म्हणायचं होतं की—"

"आधी त्या छताची कुरकुर बघा!"

गेल्या बिचाऱ्या. तासाभराने परत आल्या, तेव्हाही मी त्यांना बोलू दिलं नाही. माणसाला एकदा खोट सापडायला लागली ना, की कान बंद होतात.

हा सगळा तमाशा सोफ्यावर बसून एक पागोटेवाले गृहस्थ बघत होते. बबनअण्णा, रिहे गावचे. तिथे त्यांची भातशेती आणि दोन फार्महाऊस. तेही त्या दिवशी गाडी न्यायला आले होते.

"सायेब, लई बारीक नजर हाय तुमची," ते म्हणाले.

"अण्णा, तुम्हीही तपासून घ्या. हे लोक काहीही गळ्यात मारतात."

"आमी काय तपासनार? बैल घेताना दात बघतो. हिला दात कुटं असत्यात? तुमीच जरा आमची बी बघा की."

मी एव्हाना दमलो होतो. पण मोठेपणा मिळत असेल तर कोण सोडतो? शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या, एक दार उघडून लावलं, लांबूनच एक नजर फिरवली. "एकदम ओके आहे अण्णा. बिनधास्त घ्या!"

"तुमी म्हनला, संपलं," अण्णा खूश झाले.

दुपार व्हायला आली. मुळशीहून मेहुण्याचा, संपतचा फोन आला, "दाजी, कुटं हायेत? समदी भावकी दारात हुबी हाय." माझी पांढरी गाडी आता आरशासारखी चमकत होती. सुनंदाने तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, मी नारळ फोडला. श्रुती मॅडमनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी सगळ्यांकडे एकदा बघून ऐटीत बटण दाबलं.

आमची गाडी ढिम्म. शेजारच्या गाडीने मात्र दिवे मिचकावले, आरसे पसरले आणि ती तयार!

मी पुन्हा दाबलं. पुन्हा तीच.

"सायेब," बबनअण्णा हळूच म्हणाले, "तुमची गाडी तिकडं हाय जनू."

"सर, मी सकाळपासून तेच सांगत होते," श्रुती मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा रडवेला होता की हसू दाबल्यामुळे तसा झाला होता, देव जाणे.

मी घाईघाईने टॉर्च काढला. "काही हरकत नाही, आता ही तपासतो."

"आवं, ती तर मगाशी तुमीच पास केली न्हवं?" अण्णांनी डोळे बारीक केले. "का आमची समजून आपलं उगाच?"

झाली का पंचाईत? आता खोट काढावी, तर अण्णांना मी थाप मारली असं होणार. न काढावी, तर टॉर्च कशाला हातात? सगळे मेकॅनिक हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होते. सुनंदाही बघत होती.

"छे, छे! माझी नजर एकदा फिरली की काम झालं," असं म्हणून मी टॉर्च खिशात घातला. अण्णा आपल्या दुरुस्त गाडीत बसून, मला रामराम करून, आमच्या हारासकट निघून गेले.

घाट आम्ही झोकात चढलो. मी मनात म्हटलं, चला, वाचलो! पौडजवळ माझ्या बाजूची काच आपोआप खाली गेली ती वर येईना. पुढे लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. मग स्क्रीन काळी पडली. सुनंदाने पदर डोक्यावर घेतला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं हो!

मुळशीला दारात ही गर्दी! वहिनी ओवाळायचं ताट घेऊन पुढे. मी अगदी अंगणात, सगळ्यांना दिसेल अशी गाडी थांबवली. या गाडीच्या दारांच्या कड्या म्हणे आपोआप बाहेर येतात. माझ्या बाजूची आली, मी उतरलो. सुनंदाच्या बाजूची आलीच नाही. तिने आतलं बटण दाबलं, काही नाही. बाहेरून संपत दारावर हात फिरवत राहिला. "दाजी, ह्याला कडी कुटं हाय?"

निरांजन विझायला आलं. शेवटी सुनंदाने पैठणी गोळा केली आणि दोन सीटांमधला डबा ओलांडून माझ्या सीटवर सरकली. कोपर लागून हॉर्न जो वाजला, तो ती स्टिअरिंगखालून सुटेपर्यंत वाजतच राहिला. कोंबड्या पळाल्या, पोरं खिदळली. गजरा आत, एक चप्पल आत, आणि इतक्या वर्षांची रुबाबात उतरायची हौस अशी ओणवी होऊन बाहेर आली. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

संपत गाडीकडे बघत म्हणाला, "दाजी, तुमी तर क्वालिटीमधी हायेत ना? घेताना गाडी तपासली न्हाई व्हय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात निऱ्या सारख्या करत सुनंदाच बोलली, तीही थेट माहेरच्या भाषेत.

"तपासली की! निम्मा दिस तपासली. टॉर्च लावून तपासली. फकस्त ती दुसऱ्याची व्हती!"