कंत्राटी स्थळ

लग्नाच्या बाजारात आमच्याकडं पहिला प्रश्न एकच, पोरगं परमनंट हाय का कंत्राटी? मी कंत्राटी. घरबसल्या कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं घ्यायची आणि उरलेल्या वेळात एक ओपन सोर्स प्रोग्रॅम सांभाळायचा. म्हणजे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कुणीही फुकट वापरावा असा; लोकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासून त्यात घ्यायचं काम माझं. स्थळं यायची, एवढं ऐकायची आणि चहा पिऊन जायची.

ह्या वेळी मात्र मामाला घेऊन तिच्या घरी पोहे खायला गेलो, मुलगी बघितली आणि मी गारच झालो. हिनं नकार देऊ नये, एवढंच मनात.

तिचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, कायम कामगार. म्हणाले, "कंत्राटी पोरं आज हायत, उद्या न्हाईत. गेटवरनंच माघारी लावत्यात."

मामा माझ्या मदतीला धावला. "पावणं, ह्याचं ते फुकटचं काम तालीम मंडळागत हाय बघा. गणपतीत समदी राबत्यात, पगार कोण मागतंय?"

"म्हंजे पोरगं वर्गणी गोळा करतंय व्हय?"

झालं! मामानं पार वाट लावली.

तेवढ्यात मुलगीच बोलली. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत परमनंट. "तुमचा प्रोग्रॅम मी वापरते. त्यातली एक चूक रविवारी घरी बसून दुरुस्त केलीया. घ्या की त्यात."

आनंदानं पोहे घशातच अडकले. तरी तोंडातून गेलंच, "कंपनीची परवानगी?"

"मागितलीया. अजून आली न्हाय."

"मग न्हाय घेता येणार."

मामानं टेबलाखालून लाथ घातली. मला माझाच राग आला. अरे गाढवा, आज तरी गप बसायचं! पण तिच्या नोकरीच्या करारात घरी लिहिलेलंही कंपनीचंच असणार. मी ते घेतलं असतं तर तिची नोकरी गेली असती.

हे सांगितल्यावर वडील चक्रावले. "परमनंट असून रविवारचं काम बी मालकाचं? आणि तुझं?"

"काम दिलं की सुटलो. बाकीचं माझं मला."

वडील एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. मामा निघायच्या तयारीनं चपला शोधायला लागला. मी मान खाली घालून उरलेले पोहे चिवडत बसलो.

"ओ," ती म्हणाली, "कंपनीची परवानगी येईल तवा येईल. तुमचा होकार आत्ता सांगा."